जुना हुकूमनामा शोधताना: दिवाणी कोर्टाच्या दप्तरखान्यातून नक्कल मिळवण्याचा अनुभव

१९५२ साली निकाल लागलेल्या वाटपाच्या दाव्यातल्या हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) खऱ्या, म्हणजे सही-शिक्क्याच्या, नकलांचा संच यंदा फेब्रुवारीत पुरा झाला. शोध गेल्या जूनमध्ये सुरू केला होता. कोर्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचं आहे. नाव देत नाही, कारण आल्या त्या अडचणी कुठल्याही तालुक्यात येतील, आणि धुळीत बसून रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांवर उगाच ठपका यायला नको.

नक्कल लागली ती जमिनीच्या व्यवहारासाठी. सातबाऱ्यावर तीन शाखांची नावं सामाईक, त्यातल्या एका शाखेला आपला हिस्सा विकायचा होता. घेणाऱ्याच्या वकिलांनी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, चाळले. त्यात कोर्टाच्या हुकमाने वाटप झाल्याचा उल्लेख सापडला आणि त्यांनी सरळ सांगितलं, हुकूमनामा दाखवा, मगच पुढे. घरात होती ती एक जीर्ण, सही-शिक्का नसलेली हाती प्रत. तिचा व्यवहारात उपयोग शून्य.

या कामात सगळ्यांचं अडतं ते एकाच ठिकाणी. कागद १९५२ च्या पद्धतीने ठेवलेला असतो आणि आपण तो आजच्या नावाने मागतो. खिडकीवरचा कारकून आजच्या संगणकात बघतो, तिथे नाही म्हणतो, आणि माणूस रेकॉर्ड जळालं असेल, वाळवी लागली असेल असं धरून परत जातो. त्या काळी कचेरी कशी चालत होती हे कळलं की कागद बहुतेक वेळा सापडतो. म्हणून खाली प्रक्रियेबरोबर कचेरीचा इतिहासही येतो.

जूनमध्ये पहिलं काम होतं दाव्याचा नंबर काढायचं. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर शोधण्यात वेळ घालवू नका. तिथला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक संगणकात चढवलेल्या प्रकरणांनाच असतो, आणि पन्नाससाठच्या दशकात निकाली निघालेले दावे त्यात सहसा नसतात. माहितीच्या अधिकाराचा अर्जही इथे लावू नये. न्यायिक कागदाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात झालेला आहे. अर्ज फेटाळून येईपर्यंत महिना जातो तो जातोच.

नंबर मिळतो तो महसुली कागदात. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. जुने स्कॅन केलेले फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर दिसतात. तिथे पान पुसट असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मूळ वही बघायची. आमच्या नोंदीत मजकूर होता तो एवढाच: ‘मे. कोर्टाचे हुकुमनाम्यावरून व मे. कलेक्टरसाहेब यांचेकडील वाटपावरून’, पुढे एक नंबर आणि साल. नंबराच्या आधी ‘द. नं.’ अशी दोन अक्षरं होती, आणि या दोन अक्षरांकडेच पहिल्यांदा लक्ष द्यायला हवं.

दिवाणी कोर्टात दर वर्षी प्रत्येक प्रकारच्या कामाची मालिका एकपासून सुरू होते. रेग्युलर दावा, स्पेशल दावा, स्मॉल कॉज दावा, किरकोळ अर्ज, दरखास्त (हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज), अशा सगळ्यांचे नंबर वेगळे. म्हणजे एकाच सालात ‘नंबर ८७’ पाच वेगवेगळ्या प्रकरणांना असू शकतो. तलाठ्याकडे जो कागद आला त्यावरचा नंबर तो फेरफारात उतरवतो. वाटपाच्या बाबतीत तो कागद कलेक्टरकडून खाली आलेला असतो आणि त्यावर बजावणीच्या दरखास्तीचा नंबर असतो, मूळ दाव्याचा नसतो. ‘रे. मु. नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर) असेल तर दावा, ‘द.’ किंवा ‘दर.’ असेल तर दरखास्त. दरखास्तीचा नंबर घेऊन दाव्याच्या रजिस्टरात बघितलं तर कुणा तिऱ्हाइताचा वसुलीचा दावा समोर येणार, आणि तुमचं प्रकरणच नाही असा शेरा मिळणार.

त्या काळातले आणखी दोन चकवे. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या नोंदीत ‘बी.ए.डी.आर.’ दिसलं तर ते शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचं प्रकरण. १९३९ च्या कायद्याखाली ते तडजोड बोर्डांपुढे चाले, १९४७ च्या कायद्याने ते काम दिवाणी कोर्टाकडे आलं, त्याची मालिकाही स्वतंत्र. दुसरा चकवा ‘मामलेदार कोर्ट’. हे दिवाणी कोर्ट नव्हेच. १९०६ च्या कायद्याप्रमाणे वहिवाट, अडथळा, पाण्याची वाट असले दावे मामलेदार चालवत असे, आणि १९४८ नंतर कूळकायद्याची कामंही त्याच कचेरीत आली. त्यांचे कागद तहसीलच्या दप्तरात शोधायचे. फेरफारात नुसतं ‘मे. कोर्ट’ असेल तर आधी ही शंका फेडून घ्या, नाहीतर चुकीच्या इमारतीत रांग लावाल.

नंबर कळल्यावर पुढचा प्रश्न, कोर्ट कोणतं. ‘तालुक्याचं दिवाणी कोर्ट’ हे उत्तर आज पुरतं, तेव्हा पुरत नव्हतं. मुंबई इलाख्यातली दिवाणी कोर्टं १८२७ च्या एल्फिन्स्टन साहेबाच्या रेग्युलेशनांनी उभी राहिली. पुढे त्यांत मुन्सफ, सदर अमीन अशी न्यायाधीशांची पदं आली. १८६९ च्या चौदाव्या कायद्याने ती जुनी नावं जाऊन फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास सबॉर्डिनेट जज्ज आले. लोकांच्या तोंडी ते ‘सबजज्ज’. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्याला आले ते याच फर्स्ट क्लास सबजज्जाच्या पदावर. स्वातंत्र्यानंतर या पदांचं सिव्हिल जज्ज सीनियर आणि ज्युनियर डिव्हिजन झालं, म्हणजे आजचं वरिष्ठ स्तर, कनिष्ठ स्तर. आमचा दावा १९४६ साली दाखल झालेला, निकाल १९५२ चा. त्यामुळे दाव्याच्या अर्जावर मथळा एका कोर्टाचा आणि हुकूमनाम्यावर दुसऱ्याचा. कोर्ट तेच, खोलीसुद्धा बहुधा तीच.

वर्ग कळण्याचा फायदा असा की अपील कुठे गेलं असेल ते त्यावरून ठरतं. १८६९ च्या कायद्यात सेकंड क्लास सबजज्जाला पाच हजार रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत. त्याहून मोठे दावे फर्स्ट क्लासकडे, आणि त्यांचं पहिलं अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात. ‘आमची चाळीस एकर जमीन, दावा मोठाच असणार’ असं धरू नका. त्या वेळी सारा भरणाऱ्या शेतजमिनीच्या दाव्याची किंमत सर्व्हे आकाराच्या, म्हणजे ठरलेल्या साऱ्याच्या, पाचपट धरत. चाळीस एकर जिराईत, आकार समजा पंचेचाळीस रुपये, तर दावा सव्वादोनशे रुपयांचा. त्यामुळे शेताच्या वाटपाचे बहुतेक दावे सेकंड क्लासकडेच चालले आणि त्यांची अपिलं जिल्हा कोर्टात गेली.

जिल्हा कोणता, हेही त्या सालाप्रमाणे बघायचं. १९४८-४९ मध्ये दक्षिणेतली संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचं १९६० मध्ये सांगली झालं. तासगाव, वाळवे, शिराळे, खानापूर या भागातला १९४० चा दावा असेल तर तेव्हाचं जिल्हा कोर्ट साताऱ्याचं. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ चे, लातूर १९८२ चा. त्याआधीची जिल्हा पातळीवरची कामं मूळ जिल्ह्यात झालेली. गाव संस्थानात असेल तर आणखी एक पायरी वाढते. विलीनीकरणापूर्वीचा दावा संस्थानाच्या न्यायकचेरीत चाललेला, तेव्हा ते दप्तर पुढे कुणी ताब्यात घेतलं हे जिल्हा न्यायालयात लेखी अर्ज देऊन विचारावं. मराठवाड्यातल्या लोकांना तर जुने कागद निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या मुन्सिफ अदालतीचे, उर्दूतले आणि फसली सनाचे मिळतील. सनात ५९० च्या आसपास मिळवले की इसवी साल येतं.

जुलैत कोर्टात गेलो तेव्हा एवढी तयारी झाली होती. आता कचेरीची आतली रचना. १८२७ पासून ती फारशी बदललेली नाही, निदान कामाच्या वाटणीत नाही. जुन्या कोर्टात जज्जाच्या खाली दोन मोठी माणसं: शिरस्तेदार आणि नाझर. आलेला दावा तपासायचा, स्टँप पुरा आहे का बघायचं, नंबर द्यायचा, कागद फाइलला लावायचे, हा शिरस्तेदाराचा प्रांत. पैसा, जप्तीचा माल, समन्स-नोटिशींची बजावणी, बेलिफ, हा नाझराचा. आज शिरस्तेदाराच्या जागी सहायक अधीक्षकाची पाटी दिसते. नाझर मात्र अजून नाझरच आहे आणि त्याच्या विभागाला नाझरातच म्हणतात. नकलेच्या कामात संबंध येतो तो तिघांशी: नक्कल शाखा, अभिलेख कक्ष आणि पैसे भरायला नाझरात. आधी नक्कल शाखेत अर्ज, तिथून मागणी अभिलेख कक्षात, कागद आला की पानांचा हिशेब, मग पैसे. हा क्रम उलटा करून थेट अभिलेख कक्षाच्या दारात उभं राहिलात तर कुणी हाकलणार नाही, पण कामही होणार नाही.

जुन्या प्रकरणात नकलेच्या अर्जाआधी शोधाचा अर्ज द्यावा लागतो. कोऱ्या कागदावर पक्षकारांची नावं, गाव, अंदाजे साल, हाती असलेला नंबर लिहून कोर्ट फीचं तिकीट लावायचं. आम्ही त्यात दरखास्तीचा नंबर दिला आणि ‘यावरून मूळ दाव्याचा नंबर व निकालाची तारीख मिळावी’ अशी विनंती स्पष्ट लिहिली. पक्षकारांची नावं लिहिताना आजची आडनावं लिहून भागत नाही. जुन्या रजिस्टरात ‘रामा बिन बाळा’ अशी नावं असतात, आडनाव कधी असतं, कधी नसतं, कधी वतनाचं नाव लावलेलं असतं. पहिल्या वादीचं आणि पहिल्या प्रतिवादीचं नाव बापाच्या नावासकट द्या. बाकीचे वीस वारस लिहिण्यात अर्थ नाही, रजिस्टर पहिल्या नावाने चालतं.

हे दाव्याचं रजिस्टर एकदा जवळून बघण्यासारखं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ‘एच’ परिशिष्टात चौदा नंबरचा त्याचा नमुना दिलेला आहे. वही उघडली की डावं-उजवं पान मिळून एका दाव्याची एकच आडवी ओळ. डावीकडून दाखल तारीख, नंबर, वादी, प्रतिवादी, मागणी काय, किंमत किती, कारण केव्हा घडलं. मग हजेरीची तारीख, निकालाची तारीख, कुणासारखा निकाल. त्यापुढे अपिलाचा रकाना आणि अगदी उजव्या टोकाला बजावणीचा. एका ओळीत खटल्याचं अख्खं आयुष्य. शाई वेगवेगळी, अक्षर वेगवेगळं, कारण दाखल केलं एका कारकुनाने आणि शेवटचा रकाना भरला सहा-आठ वर्षांनी दुसऱ्याने. बघायला मिळाली तर ओळ उजव्या टोकापर्यंत वाचा. बहुतेक जण निकालाच्या तारखेशी थांबतात आणि अपिलाचा रकाना बघायचा राहून जातो.

निकालाची तारीख लागते ती वेगळ्याच कारणासाठी. आमच्या कोर्टात निकाली कामांचे रुमाल दाखल सालाप्रमाणे लावलेले नव्हते, निकालाच्या साल-महिन्याप्रमाणे बांधलेले होते. १९४६ चा दावा १९४६ च्या फळीवर शोधला तर सापडणार कसा? तो १९५२ च्या त्या महिन्याच्या रुमालात. शोध अर्जावर ‘आढळून येत नाही’ असा शेरा आला तर कोणत्या सालाच्या रुमालात बघितलं, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आमचं प्रकरण त्या रुमालातही नव्हतं. त्याच्या जागी एक चिठ्ठी होती, प्रकरण अपिलासाठी जिल्हा कोर्टाला पाठवल्याची. अपील दाखल झालं की वरचं कोर्ट खालचं रेकॉर्ड मागवून घेतं आणि निकालानंतर परत पाठवतं. परत आलेलं रेकॉर्ड कधी जुन्या जागी जातं, कधी आलं त्या महिन्याच्या गठ्ठ्यात पडून राहतं, कधी दरखास्तीला जोडलं जातं. शिवाय एका दाव्याचे कागद दुसऱ्या दाव्यात पुराव्यासाठी मागवता येतात, तिथेही ते अडकतात. शोधायच्या जागा म्हणून या चार धराव्या: निकालाच्या महिन्याचा रुमाल, अपिलाची फाइल, दरखास्तीची फाइल, आणि त्याच मिळकतीवरचा नंतरचा एखादा दावा. आमचं रेकॉर्ड दरखास्तीला जोडलेलं सापडलं, सप्टेंबर संपता संपता. मध्ये गणपती आले, कारकुनाची बदली झाली, नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. प्रत्येक अर्जाची पोच घेऊन ठेवली होती म्हणून त्याला निदान तारखा तरी दाखवता आल्या.

रेकॉर्ड नष्ट केलं असेल तर काय, ही भीती सगळ्यांना असते. कोर्टाचे कागद नष्ट करायला १९१७ चा कायदा आहे आणि त्याखालच्या नियमांप्रमाणेच ते होतं. निकालानंतर कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. समन्स, भत्त्याचे मेमो, मुदतीचे अर्ज असले कागद आधी जातात, स्थावर मिळकतीच्या दाव्यातला निकाल आणि हुकूमनामा जपायच्या वर्गात असतो. म्हणून ‘जुनं आहे, नष्ट झालं असेल’ हे तोंडी उत्तर घेऊ नये. नष्ट झालं असेल तर तशी नोंद असते, तिचा हवाला देऊन अर्जावर लेखी शेरा मागावा. तो शेरा वाया जात नाही. मूळ कागद नष्ट किंवा गहाळ असल्यास दुय्यम पुरावा देता येतो, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ने, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० ने. त्या वाटेने जायचं तर पहिला दगड हा लेखी शेराच.

मूळ दस्त मात्र कोर्टात सापडण्याची आशा फार धरू नका. दाव्यात हजर केलेली खरेदीखतं, गहाणखतं अपिलाची मुदत संपल्यावर पक्षकाराला परत घेता येतात आणि शहाण्या पक्षकारांनी ती तेव्हाच नेलेली असतात. कोर्टाच्या लिलावात जमीन गेलेली असेल तर आणखी एक जागा आहे: विक्रीच्या दाखल्याची प्रत कोर्ट दुय्यम निबंधकाकडे पाठवतं आणि ती तिथल्या पुस्तक क्रमांक एकमध्ये लावली जाते. कोर्टात नाही मिळाली तर तिथे मिळते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नकलेचा अर्ज. पक्षकाराला नक्कल मागण्याचा हक्कच आहे, संहितेच्या आदेश २० नियम २० प्रमाणे. पक्षकार हयात नसेल तर वारसाने आपलं नातं दाखवायचं. आम्ही आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा फेरफार आणि साधं प्रतिज्ञापत्र जोडलं. दाव्याशी संबंध नसलेल्या माणसाला, उदाहरणार्थ जमीन घेणाऱ्याला, नक्कल का हवी ते प्रतिज्ञापत्रावर सांगून कोर्टाचा हुकूम घ्यावा लागतो. म्हणून जमीन विकणाऱ्यानेच अर्ज करावा, हे सोपं पडतं.

अर्जात नुसतं ‘हुकूमनाम्याची नक्कल’ लिहिलं तर हुकूमनामाच मिळेल, आणि तो एकटा पुरत नाही. आम्ही मागितलं ते असं: न्यायनिर्णय, हुकूमनामा, दाव्याचा अर्ज आणि त्यासोबतचं मिळकतीचं वर्णन, अपिलाचा निकाल आणि हुकूमनामा, दरखास्तीचा रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद). जुन्या हुकूमनाम्यात ‘दाव्यातील कलम १ चे मिळकतीत’ असंच लिहिलेलं असतं, आणि कलम १ म्हणजे कोणता सर्व्हे नंबर ते दाव्याच्या अर्जात. अपील झालं असेल तर खालच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यावर थांबू नये. खालचा निकाल वरच्यात मिसळतो आणि शेवटी चालतो तो वरच्या कोर्टाचा हुकूमनामा, मग अपील फेटाळलेलं का असेना. अपिलाच्या नकलेचा अर्ज जिल्हा न्यायालयात वेगळा करावा लागला.

साधी नक्कल की तातडीची, असा रकाना असतो. तातडीचे पैसे जास्त, पण सत्तर वर्षं जुन्या कागदाला तातडी लावून फारसं साधत नाही, कारण वेळ शोधण्यात जातो. अंदाजी रक्कम नाझरातीत भरायची, पावती जपायची. तिकिटं, पानांचे दर, प्रतिज्ञापत्र मिळून कोर्टातला खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. दर बदलत असतात, नक्कल शाखेबाहेरचा फलक बघून घ्यावा. मध्यस्थाची गरज पडली नाही. दिवाळीच्या सुटीत कचेरी उघडी असली तरी माणसं कमी असतात, तेव्हा त्या पंधरवड्यात काही हलेल असं समजू नये.

कागद इतका ठिसूळ होता की काही पानं झेरॉक्सच्या काचेवर ठेवायला अभिलेखपालांनी नकार दिला. रास्तच होता. ती पानं टंकलिखित करून मिळाली आणि त्यामुळे डिसेंबर उजाडला. टंकलिखित प्रतीत आकडे हमखास चुकतात. सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि क्षेत्र हे तीन आकडे खिडकीवरच मूळ कागदाशी ताडून मागावेत. नकलेच्या शेवटच्या पानावर अर्जाची तारीख, पैसे भरल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची (मूळ कागदाशी ताडणाऱ्याची) सही, ‘खरी नक्कल’ असा शेरा आणि कोर्टाचा गोल शिक्का असतो. यातलं एक जरी राहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. ताज्या निकालाच्या नकलेत तर या तारखा फारच महत्त्वाच्या, कारण नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो.

आमच्या फाइलमध्ये न्यायनिर्णय इंग्रजीत टाइप केलेला, हुकूमनामा छापील नमुन्यावर मराठीत हाताने भरलेला, आणि निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून हजर केलेली एक वाटपयादी मोडीत होती. दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना जुलै १९९८ ची आहे, त्याआधीच्या फाइलीत अशी सरमिसळ नेहमीची. मोडी पानाची नक्कल मोडीतच मिळते, लिप्यंतर आपण करून घ्यायचं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथे शिकलेले जाणकार बहुतेक जिल्ह्यांत आहेत. पानामागे दर ठरवतात, आणि आमच्या कामात कोर्टाच्या सगळ्या फीपेक्षा हा खर्च जास्त झाला. लिप्यंतर करणाऱ्याला सोबत जुना सातबारा आणि वंशावळ द्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि नावं ओळखायला संदर्भ लागतो.

हुकूमनाम्यात हिस्से आणे-पैत होते. वादीला ‘०-५-४’. सोळा आण्यांच्या म्हणजे एकशे ब्याण्णव पैंच्या हिशेबात पाच आणे चार पै म्हणजे चौसष्ट पै, बरोबर एक तृतीयांश. खरेदीदाराच्या तरुण वकिलांनी ते आधी पाच गुंठे चार आणे वाचलं होतं. क्षेत्र एकर-गुंठ्यात: चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एकराचे ४०.४७ आर. हे गणित कागदावर मांडून नकलेसोबत दिलं तर पुढच्या टेबलावरचे अर्धे प्रश्न कमी होतात.

जानेवारीत कळलं की कोर्टाचे कागद हातात येऊनही काम अर्धंच झालंय. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. कुणाचा किती हिस्सा ते कोर्ट ठरवतं आणि सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईटपणा बघून, जमीन तोडून देण्याचं काम संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातं. तेव्हा कोणत्या बाजूचा तुकडा कुणाला गेला, तो नकाशा, ताबेपावत्या हे कोर्टाच्या फाइलमध्ये शोधून उपयोग नाही. कोर्टात सापडेल तो कलेक्टरला पाठवलेल्या पत्राचा जावक नंबर, दरखास्तीच्या रोजनाम्यात. तो नंबर घेऊन तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जायचं. रोजनाम्याची नक्कल मागितली होती ती याच कारणासाठी. तहसीलच्या दप्तरात वाटपतक्ता मिळाला, नकाशाची प्रत भूमी अभिलेखकडून.

शेवटची गाठ गट नंबरांची. हुकूमनाम्यात सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले, काही ठिकाणी क्षेत्रही मागेपुढे झालं. जुन्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला हे एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यांत दिसतं, ते भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागायचे. सर्व्हे नंबर, कोर्टाचं कलम, वाटपतक्त्यातला तुकडा आणि आजचा गट असा चार रकान्यांचा तक्ता करून घेतला, तेव्हा कुठे वकिलांच्या मानेने होकार दिला.

फेब्रुवारीत अपिलाच्या हुकूमनाम्याची नक्कल जिल्ह्याहून आली आणि संच पुरा झाला. एक हिशेब राहिला: हुकूमनाम्याच्या बजावणीला बारा वर्षांची मुदत असते, ती केव्हाच संपलेली. त्यामुळे तेव्हा वाटप प्रत्यक्ष झालं होतं की नाही हे ताबेपावत्यांवरूनच ठरतं, आणि ज्यांच्या प्रकरणात हुकूमनामा आहे पण ताबेपावत्या नाहीत त्यांनी पुढचं पाऊल वकिलाला विचारूनच टाकावं. नकला घेताना प्रत्येकी दोन संच घ्या, एक तहसीलच्या अर्जाला लागतो आणि तो परत येत नाही. खऱ्या नकलेला लॅमिनेशन करू नका, शिक्का आणि तिकीट हाताला लागत नाही म्हणून काही कचेऱ्या ती घेत नाहीत. मूळ दाव्याचा नंबर, निकालाची तारीख, अपिलाचा नंबर आणि ते रेकॉर्ड आता कुठल्या रुमालात आहे, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ती सातबाऱ्याच्या फाइलला टाचून ठेवली आहे.